खुराड्यातून खुरखुर ऐकू आली तर

दिवसा कोंबडी फसवते. आजार लपवणं तिच्या स्वभावातच आहे. जी मलूल दिसते तिला कळपातल्या बाकीच्या टोचून हैराण करतात, म्हणून ती शेवटपर्यंत चोच खाली घालून दाणे टिपल्याचं नाटक करत राहते. रात्री हे नाटक जमत नाही. सगळ्या दांडीवर बसल्या, घरातला टीव्ही बंद झाला, की खुराड्याशी जाऊन पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. चांगल्या कळपातून झोपेतली एखादी 'कुर्र' येते, बाकी शांतता. ओली शिंक, घशातली खुरखुर, गुडगुडीतून पाणी ओढल्यासारखी घरघर यातलं काही दोनतीन ठिकाणांहून ऐकू आलं, तर घरात साथ शिरली आहे असं धरून चाला. एकच कोंबडी एकदाच शिंकली तर तुसाची धूळ असेल. दुसऱ्या रात्री पुन्हा ऐका.

परसात पाच-पंचवीस, फार तर पन्नास पाखरं पाळणाऱ्या आणि पहिल्यांदाच मर पाहणाऱ्या माणसांसाठी हे लिहिते आहे. हजारांच्या पोल्ट्रीचं गणित वेगळं.

आमच्याकडे साथ आली ती माझ्याच हाताने. आठवडी बाजारात दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताच्या तरण्या कोंबड्या, दिसल्या, तुरे लालभडक, स्वस्तात मिळत होत्या. संध्याकाळी आणल्या आणि सरळ खुराड्यात सोडल्या. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या जुन्या कोंबडीचा एक डोळा बंद होता आणि गाल लिंबाएवढा फुगला होता. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, चोच उघडली आणि लगेच तोंड फिरवलं. "अगं, हिच्या तोंडाला कुजका वास येतोय." त्या वासानेच रोगाचं अर्धं निदान झालं होतं, हे मला आठ दिवसांनी कळलं. त्या दोन तलंगा मात्र अगदी ठणठणीत होत्या आणि शेवटपर्यंत ठणठणीतच राहिल्या.

पहिल्या तासात: ये-जा बंद

औषधाच्या दुकानाकडे पळू नका. आधी दार लावा. या घडीपासून एकही पाखरू, अंडं, टोपली, खाद्याचं पोतं किंवा खताची पाटी परसातून बाहेर जाणार नाही आणि बाहेरून आत येणार नाही. कोंबड्या मोकळ्या सोडायची सवय असेल तर आज सोडू नका. शेजाऱ्यांच्या कोंबड्या आपल्या उकिरड्यावर येत असतील तर शेजारी जाऊन स्पष्ट सांगा. लाज वाटते, मलाही वाटली. पण चार दिवसांनी त्यांच्याकडे मर लागल्यावर सांगायची लाज याहून मोठी असते.

सगळ्यात मोठा मोह विकून टाकायचा. आखाडात, गटारीच्या आधीच्या आठवड्यात साथ आली तर हा मोह फारच जड जातो. कोंबडा हातात आहे, भाव चढलेला आहे, आणि 'मरण्याआधी पैसे तरी करू' असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. गावोगावची मर अशीच फिरते. बाजारातल्या ज्या डालग्यातून माझ्या तलंगा आल्या, त्यातही कोणीतरी अशीच आजारी पाखरं आणून टाकली असणार.

नवसाचा कोंबडा, पाहुण्याला द्यायची अंडी, मामाकडे पाठवायची खुडूक कोंबडी, हे सगळं थांबवा. जत्रा पुढच्या वर्षीही येते.

पहिल्या दिवशी: हे घातक तर नाही ना?

सर्दीसारखे दिसणारे रोग अर्धा डझन आहेत. त्यातले दोन वेळ देत नाहीत, म्हणून त्यांची शंका आधी फेडायची.

पहिला राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. लस न दिलेल्या कळपात तो शिरला तर कधीकधी एकही पाखरू उरत नाही. मान ताणून, चोच उघडून श्वास घेणं, हिरवट पातळ विष्ठा, पंख लुळे पडणं, एक पाय ओढत चालणं आणि मग मान पिळवटून मागे वळणं, ही याची लक्षणं. पहिल्या दोन दिवसांत मान वाकडी होईलच असं नाही. काही वेळा नुसती घरघर आणि मग मृत्यू. यावर औषध नाही, फक्त आधी दिलेली लस. हा रोग 1926 च्या सुमारास जावात आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला ओळखला गेला. त्यानंतर लवकरच कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला सापडला, म्हणून आपण त्या गावाचं नाव रोगाला चिकटवून बसलो आहोत.

दुसरा बर्ड फ्लू. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. हा फक्त मोठ्या पोल्ट्र्यांचा रोग आहे असं मानू नका. जानेवारी 2025 मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला तो घरगुती कोंबड्यांत निघाला होता. काल धडधाकट असलेली पाखरं आज सकाळी खुराड्यात मेलेली सापडणं, तुरा आणि चोचीखाली लोंबणारे कल्ले निळेजांभळे पडणं, डोकं सुजणं, पायांच्या नळ्यांवर लाल चट्टे दिसणं, आणि आसपास कावळे किंवा बगळे मरून पडलेले असणं, यातलं काही असेल तर पुढचं सगळं वाचायचं सोडा आणि फोन उचला.

फोन तालुक्याच्या किंवा जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात करायचा. तिथे कोणी उचललं नाही तर 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. डॉक्टरांना 'कोंबड्या आजारी आहेत' एवढंच सांगू नका. एकूण पाखरं किती, आजारी किती, मेली किती, पहिलं लक्षण कोणत्या दिवशी दिसलं, लस कधी दिली, नवीन पाखरू कधी आणलं, हे कागदावर लिहून मग सांगा. फोनवरच्या दोन मिनिटांत डॉक्टरांना याच आकड्यांवरून ठरवायचं असतं.

खबर दिली की सगळ्या मारून टाकतात, ही भीती गावात पक्की बसली आहे. साध्या सर्दीला कोणी मारत नाही. बर्ड फ्लूचं निदान भोपाळच्या प्रयोगशाळेतून पक्कं झालं, तर साधारण 1 किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारल्या जातात आणि 10 किलोमीटरपर्यंत पाहणी होते. मारलेल्या पाखरांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे व्यवहाराच्या हिशोबानेही लवकर कळवणारा फायद्यात असतो. शिवाय 2009 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे असा रोग कळवणं हे पाळणाऱ्याचं कामच आहे.

तोवर मेलेलं पाखरू उघडून पाहू नका, पिसं काढू नका, शिजवून खाऊ नका. नाकातोंडाला कापड आणि हातात पिशवी घालूनच उचला. लहान मुलांना परसात जाऊ देऊ नका.

मग हे आहे तरी काय?

पाखरं मरत नाहीत, पण कळपभर शिंका आणि सूज आहे, असं चित्र असेल तर बहुतेक वेळा दोघांपैकी एक असतो. दोन्ही जिवाणूंमुळे होतात.

एक म्हणजे संसर्गजन्य सर्दी. पोल्ट्रीवाले याला 'कोरायझा' म्हणतात. हा झटक्यात येतो. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात. गाल फुगतात, डोळे मिटतात, नाकातून आधी पाणी आणि मग घट्ट शेंबूड येतो आणि त्याला तो वास असतो. एकदा घेतला की विसरत नाही. अंडी 10 ते 40 टक्क्यांनी घटतात. मोठ्या कोंबड्यांत जास्त दिसतो, पिल्लांत कमी. आमच्याकडे हाच होता.

दुसरा म्हणजे जुनाट सर्दी, दुकानदारांच्या भाषेत 'सीआरडी'. याला घाई नसते. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस, रात्रीची खुरखुर, वजन न भरणं, आणि हे सगळं महिनोन् महिने. पाऊस लागला, थंडी पडली, जागा बदलली, की पुन्हा डोकं वर काढतो. याची वाईट खोड अशी की तो अंड्यातून पिल्लात उतरतो. खुडूक बसवलेल्या अंड्यांतून आजार आयताच पुढच्या पिढीला मिळतो.

खोकताना रक्ताचे थेंब उडाले, भिंतीवर लाल शिंतोडे दिसले, तर तो घशाचा विषाणूजन्य रोग असू शकतो. तुऱ्यावर खपल्या आणि तोंडात पिवळट चिकट पापुद्रे असतील तर देवी. आणि कधीकधी रोग नसतोच, खुराड्यातला वायू असतो. त्याकडे पुढे येते, कारण बहुतेक साथींचं दार तिथेच उघडतं.

ही ओळख फक्त डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. दोन रोग एकत्रही असतात, आणि राणीखेतची हलकी लागण सर्दीसारखीच दिसते. पक्कं निदान हवं असेल तर नुकतंच मेलेलं पाखरू दोन पिशव्यांत घालून, बर्फाच्या डब्यात ठेवून, काही तासांत प्रयोगशाळेत पोचवावं लागतं. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. आपल्या जिल्ह्यात नमुना कुठे घेतात ते दवाखान्यातून विचारा. पाखरू फ्रीजरमध्ये गोठवू नका, नमुना बिघडतो. आणि बर्ड फ्लूची शंका असेल तर तुम्ही कुठेही काही नेऊ नका, खात्याची माणसं येऊन नेतील.

आजारी वेगळ्या, पण वाटही वेगळी

आजारी पाखरं बाजूला काढा, असं सगळेच सांगतात. मीही काढली होती. घराच्या मागच्या पडवीत जाळीचा आडोसा केला, खाली पोतं टाकलं, साठ वॅटचा बल्ब लावला. आणि मग रोज सकाळी आधी आजारी कोंबड्यांचे डोळे पुसून, त्याच ओल्या हातांनी खुराड्यात पाणी ठेवायला जात होते. पाच दिवसांत तीनाच्या अकरा झाल्या.

म्हणून पक्का नियम असा: आधी चांगली पाखरं, मग आजारी, आणि नंतर परत फिरायचं नाही. पिल्लं असतील तर सगळ्यात आधी पिल्लं. त्यांचं खाणं, पाणी, झाडलोट पूर्ण उरकायची आणि मगच पडवीत जायचं. दोन्हीकडे वेगळी चप्पल, वेगळी भांडी, वेगळा खराटा. पडवीतली चप्पल पडवीतच राहील. चुकून परत जावंच लागलं तर हात साबणाने धुऊन, वरचा कपडा बदलून. घरात दोन माणसं असतील तर कामं वाटून घ्या, म्हणजे विसरायला जागाच राहणार नाही.

आडोशाची जागा निवडताना वारा पाहा. आजाऱ्यांवरून आलेला वारा खुराड्यात जाता कामा नये. पाणी वाहण्याचा उतारही तसाच पाहा.

कोंबडी पकडताना छाती आवळून धरू नका. आपल्यासारखा पोट-छातीतला श्वासाचा पडदा तिला नसतो. हवेच्या नऊ पिशव्या अंगभर पसरलेल्या असतात आणि छातीचं हाड हललं तरच श्वास आत-बाहेर होतो. आधीच नाक चोंदलेली कोंबडी मुठीत घट्ट धरली, तर ती हातातच मरते. पंख अंगाला लावून, तळवा पोटाखाली, असं उचलायचं.

आजारी कोंबडीची शुश्रूषा

ऊब आणि पाणी, निम्मं काम इथेच होतं. निरोगी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. आजारी पीत नाही, कारण डोळे मिटलेले असतात आणि भांडं दिसत नाही. खोलगट नको, पसरट वाटी घ्या आणि दर तासा-दोन तासाला तिची चोच टोकापुरती त्यात बुडवा. घशात पिचकारीने पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो. पाण्यात इलेक्ट्रोलाइटची पावडर दवाखान्यातून मिळते. खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्या. नाक चोंदलं की तिला वास येत नाही आणि कोरडा भरडा ती नुसता पाहत बसते. किसलेलं गाजर, बारीक चिरलेला शेवग्याचा पाला घाला. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर नाक-डोळ्यांची आतली कातडी आणखी बिघडते.

डोळे धुण्यासाठी लिटरभर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा दीड चमचा मीठ. स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून चिकटलेल्या पापण्यांवर मिनिटभर नुसता ठेवा, मग नाकाच्या बाजूने बाहेर पुसा. एका डोळ्याला एक बोळा, वापरलेला लगेच जाळायच्या पिशवीत. गालातली गाठ दाबून पिळू नका. आत पू घट्ट होऊन पनीरच्या तुकड्यासारखा बसलेला असतो, तो काढायचा तर डॉक्टरांनीच.

हळद, आलं, लसूण, तुळशीचा काढा यांबद्दल लोक हमखास विचारतात. आमच्याकडेही दिलं. पाण्याला फार उग्र चव येणार नाही एवढं घाला, नाहीतर आधीच कमी पिणारी कोंबडी तेही पिणं सोडते. यानं कोरायझा बरा होताना मी पाहिला नाही. नाकात तेल किंवा रॉकेल सोडायचा जुना उपाय मात्र अजिबात करू नका. कोंबडीच्या टाळूला फट असते, नाकात घातलेलं तिथून घशात आणि पुढे फुप्फुसात उतरतं.

औषध: कोणतं यापेक्षा कसं

विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. जिवाणूवर चालतं आणि ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लोक्सासिन ही नावं दुकानात ऐकू येतील. दुकानदाराने हातात ठेवलेली पुडी आणि तुमच्या कळपातला जिवाणू यांची गाठ पडेलच याची खात्री नसते. घरातल्या माणसांच्या उरलेल्या गोळ्या कुटून घालू नका. कोलिस्टिन नावाचं औषध खाण्याच्या जनावरांना द्यायला केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली आहे. जुन्या पुड्या कोणी दिल्या तर घेऊ नका.

पाण्यातून औषध देताना नवखा माणूस हमखास चुकतो. मीही चुकले. मी एका भांड्यात औषधाचं पाणी ठेवलं आणि बागेतला हौद तसाच उघडा. कोंबड्यांना कडू पाणी कशाला प्यायचंय? सगळ्या हौदावर. औषध चालू असताना दुसरं पाणी कुठेही नको. पावसाळ्यात तर डबक्यांमुळे कोंडूनच ठेवावं लागतं. द्रावण रोज ताजं, सावलीत. डॉक्सिसायक्लिनसारखं औषध कॅल्शियमशी बांधलं जातं आणि अंगी लागत नाही, म्हणून त्या दिवसांत पाण्यात कॅल्शियमचं टॉनिक घालू नका आणि शिंपल्याच्या चुऱ्याबद्दल डॉक्टरांना विचारा. अगदीच मलूल पाखरांना पाण्यातलं औषध पुरेसं पोचत नाही. त्यांना ते इंजेक्शनने किंवा चोचीतून द्यावं लागतं. आणि तिसऱ्या दिवशी डोळा उघडला म्हणून थांबायचं नाही, सांगितलेले दिवस पूर्ण करायचे.

औषध लिहून घेतानाच विचारा: 'अंडी किती दिवस खायची नाहीत? मांस किती दिवस?' दर औषधाचा काळ वेगळा. काही औषधं अंड्यावरच्या कोंबडीला द्यायचीच नसतात. आम्ही तेवढ्या दिवसांची अंडी खड्ड्यात फोडून पुरली. सासूबाईंना ते फार लागलं. त्या रोज मोजत होत्या.

खुराडं: गुडघ्यावर बसून वास घ्या

चांगल्या पाखरांकडे दुर्लक्ष करू नका, साथ त्यांच्यातच वाढायची असते. खुराड्यात जाऊन उभं राहू नका, गुडघ्यावर बसा आणि तुमचं नाक कोंबडीच्या उंचीला आणून श्वास घ्या. डोळे चुरचुरले, नाक झोंबलं, तर तो अमोनिया आहे. ओल्या विष्ठेतून निघतो आणि जमिनीलगत साचून राहतो. हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग एवढा झाला तरी श्वासनलिकेतले बारीक केस निकामी होऊ लागतात. धूळ आणि जंतू बाहेर झाडणारे हेच केस. ते गेले की कोणताही पाहुणा रोग आत मुक्काम करतो.

पावसाळ्यात आपण कौतुकाने चारी बाजूंनी प्लास्टिक लावतो आणि अमोनिया कोंडतो. झोत खालून नको, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावरही नको. पण छताखाली वीतभर मोकळी पट्टी हवीच. ओलं तूस काढून कोरडं टाका, पाण्याच्या भांड्याखाली वीट द्या म्हणजे सांडणार नाही. पाखरामागे दीड-दोन चौरस फूट जागा आहे का ते मोजा. कमी असेल तर ही साथ निमित्त समजा आणि खुराडं वाढवा.

पाण्याची भांडी दिवसातून दोनदा घासायची. नाकातला शेंबूड पहिल्यांदा पाण्यात पडतो आणि पुढची कोंबडी तिथेच चोच घालते. साथीच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त उपयोग भांडी घासण्याच्या काथ्याचा झाला.

मेलेली पाखरं

ओढ्यात, शेताच्या बांधावर, गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकू नका. कुत्री आणि कावळे ती गावभर वाटतात. विहीर, ओढा आणि बोअरपासून लांब किमान तीन फूट खोल खड्डा घ्या, पाखरू टाकून वर चुना पसरा, माती दाबा आणि वर दगड ठेवा. दगड विसरलात तर कुत्री रात्रीत उकरतात.

साथ ओसरल्यावर धुलाई

शेवटची शिंक थांबली तरी घाईने पाखरं एकत्र करू नका. कोरायझाची साथ दोन-तीन आठवडे चालते, सीआरडी सोबत असेल तर त्याहून खूप जास्त. शेवटचं लक्षण गेल्यावर दोन आठवडे थांबा आणि त्या काळात रात्रीचं ऐकणं सोडू नका.

स्वच्छतेत क्रम मोडला की मेहनत वाया जाते. आधी सगळं कोरडं खरवडून काढा: विष्ठा, जुनं तूस, दांडीच्या फटीतलंसुद्धा. मग साबणाच्या पाण्याने घासून धुवा आणि वाळू द्या. त्यानंतरच ब्लीचिंग पावडर, लिटरला साधारण 30 ग्रॅम, दर वेळी ताजी कालवून. घाणीवर ओतलेलं ब्लीचिंग घाणीशीच झुंजत बसतं, जंतूपर्यंत पोचत नाही. ते ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. शेवटी भिंतींना चुना आणि जमिनीला कडक ऊन. कोरायझा आणि सीआरडीचे जंतू पाखराबाहेर काही दिवसच तग धरतात. राणीखेतचा विषाणू सावलीतल्या विष्ठेत आठवडेच्या आठवडे टिकतो.

काढलेलं खत लगेच भाजीच्या वाफ्यात नको, शेजाऱ्याला तर नकोच. एका जागी ढीग करून झाका आणि चांगलं कुजू द्या.

बऱ्या झालेल्यांचं काय करायचं?

माझ्या त्या दोन ठणठणीत तलंगा आठवतात? बाजारात येण्याआधी कधीतरी त्यांना कोरायझा झाला होता आणि त्या बऱ्या झाल्या होत्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. बरी झालेली कोंबडी जंतू अंगात बाळगून राहते आणि अधूनमधून सोडत राहते. सीआरडीचंही तेच. औषधाने लक्षणं जातात, जंतू मुळापासून जात नाही. म्हणजे साथ संपली त्या दिवशी तुमच्याकडे आजारी कळप राहिलेला नसतो, पण वाहक कळप असतो.

इथे दोन रस्ते. पहिला: आहे तो कळप बंद करून टाकायचा. नवीन पाखरू आणायचं नाही, जिवंत पाखरू विकायचं किंवा कोणाला द्यायचं नाही, सीआरडीची शंका असेल तर अंडी उबवायला बसवायची नाहीत. अंडी खात राहायची, औषधाचे दिवस संपले की ती खायला चांगली असतात. कोंबड्या म्हाताऱ्या होत जातील, कळप आपोआप संपेल. दुसरा: सगळी पाखरं एकदाच काढायची, खुराडं वर सांगितल्याप्रमाणे धुऊन तीन-चार आठवडे रिकामं ठेवायचं आणि नव्याने सुरुवात करायची.

नवख्याला मी दुसरा रस्ता सांगेन. मी स्वतः पहिला धरला, कारण त्या सुजलेल्या गालाच्या कोंबडीला सासूबाई हात लावू देईनात. पुढची दोन वर्षं थंडी पडली की दोनचार शिंका ठरलेल्या. त्या काळात माझ्या नणंदेने गावठी पिल्लं मागितली तेव्हा नाही म्हणावं लागलं आणि ती अजून ते काढते.

पुन्हा सुरुवात

गिरिराज, वनराज, कडकनाथ, गावठी, जे हवं ते घ्या. पण एका ठिकाणची, एका वयाची पिल्लं घ्या, शक्यतो सरकारी अंडी उबवणी केंद्रातून किंवा ज्याचा कळप स्वतः पाहिला आहे अशा माणसाकडून. बाजारातली तयार तलंग नको.

राणीखेतची लासोटा लस 5 ते 7 व्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुन्हा चौथ्या-पाचव्या आठवड्यात. आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी या राणीखेतच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. लासोटा आधी दिलेली असेल तरच, नाहीतर ही लसच पिल्लांना जड जाते. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि आपली पाखरं वीस. एकदा कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. आम्ही वस्तीवरच्या सात घरांनी एक दिवस ठरवला आहे. एकजण बर्फ घातलेल्या थर्मासमधून कुपी आणतो, सकाळी ऊन चढायच्या आत घरोघर फिरून काम संपतं. फिरणारा माणूस दर घरी हात-पाय धुतो आणि कोणाचं पाखरू आजारी असेल तर ते घर शेवटी किंवा त्या खेपेला वगळून. लस पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको, विहिरीचं घ्या आणि लिटरला 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. कोरायझाचीही लस मिळते. ज्या भागात तो वारंवार येतो तिथे डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आणि यापुढे मोठं पाखरू आणायचंच झालं, तर 30 दिवस वेगळं. त्याच पडवीत, त्याच वेगळ्या चपलेने, रोज सगळ्यात शेवटी. शेवटच्या आठवड्यात आपली एक जुनी, कमी अंड्यांची कोंबडी त्याच्या सोबतीला ठेवायची. पाहुणं पाखरू वाहक असेल तर ते स्वतः शिंकणार नाही, ती शिंकेल. आठ रात्री पडवीशी उभं राहून ऐका. तिच्या घशातून काही आलं नाही, तर नवव्या रात्री अंधारात दोघींना उचलून दांडीवर नेऊन बसवा. सकाळी थोडी टोचाटोची होईल, ती होऊ द्या.